सोळा भागांचा शब्द

बसा, चहा टाकलाय. तो उकळेपर्यंत प्रकरणाची पार्श्वभूमी सांगतो, कारण ती ठाऊक नसेल तर तुम्हीही माझ्या धाकट्या लेकीसारखं म्हणाल, "आप्पा, मालिका होती ती. संपली." संपली असती तर मी बोललोच नसतो. सोळावा भाग झाला, पडद्यावर नावं सरकायला लागली आणि प्रकरण जागच्या जागी प्रलंबित राहिलं. मला राग आहे तो याचा.

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. कागद आत आला की त्याला क्रमांक पडतो. एकदा क्रमांक पडला की तो कागद कुठे ना कुठे निकाली निघालाच पाहिजे. मंजूर होवो, नामंजूर होवो, निदान दप्तरी दाखल होवो. ज्याचा कागद असतो तो माणूस दाराशी उभा असतो. त्याला "होईल हो" म्हणून परत पाठवणं मला कधी जमलं नाही. मालिकेकडेही मी त्याच नजरेनं बघतो. पहिल्या भागात तुम्ही एका माणसाची जखम दाखवलीत, म्हणजे आमच्याकडे आवक झाली. आता शेवटापर्यंत तिचं काय केलंत ते सांगा.

कोरियन मालिकांकडे मी वळलो तो त्यांनी आकडा सांगितला म्हणून. आपल्याकडे आकडा कोणी सांगत नाही. 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली आणि २०१३ साली थांबली. तीन हजारांहून अधिक भाग झाले. आमच्या घरी ती लागायची, आणि तिच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. ती किती दिवस चालेल हे कोणी लेखी दिलेलं नव्हतं, त्यामुळे फसवणूक झाली असं म्हणता येत नाही. कोरियन प्रेमकथेचं तसं नसतं. सोळा भाग, फार तर वीस. आठवड्याला दोन, एकेक भाग तासाच्या वर. सुरू होतानाच ठाऊक असतं, की या दोघांचं जे काय व्हायचं ते सोळाव्या भागात होणार. हा शब्द आहे. त्या शब्दावर माणूस रोजची संध्याकाळ बाजूला काढतो.

निवृत्तीनंतर पहिला पावसाळा होता. लेकीनं 'रिप्लाय १९८८' लावून दिली. सोलमधली एक गल्ली, चार-पाच घरं, आणि जेवणाच्या वेळी आया पोरांच्या हातात एकेक भांडं देऊन शेजारी पिटाळतात. एका घरातली भाजी दुसऱ्या घरात, दुसऱ्या घरातली तिसऱ्यात. शेवटी सगळ्यांच्या ताटात सगळ्यांचं जेवण. मी औरंगपुऱ्यातल्या वाड्यात वाढलो. वाटी झाकून पलीकडच्या बिऱ्हाडात नेऊन देणं हे माझं लहानपणीचं रोजचं काम होतं. त्यात त्या घरातली पोरगी बापाला हाक मारते ती चक्क 'आप्पा' अशी ऐकू येते. कोरियनमध्ये बापाला तसंच म्हणतात. आमच्या घरात मला आप्पाच म्हणतात. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा मी स्वयंपाकघरातून "काय गं?" म्हणून ओ दिली होती. अशी सोयरीक जुळल्यावर माणूस परका राहत नाही.

मग 'क्रॅश लँडिंग ऑन यू' पाहिली. २०१९च्या डिसेंबरात सुरू होऊन २०२०च्या फेब्रुवारीत संपलेली, बरोबर सोळा भागांची. दक्षिणेतली श्रीमंत घरची बाई पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियात जाऊन पडते. तिथला लष्करी अधिकारी तिला लपवतो. आता सांगा, याहून अडचणीचं प्रकरण असतं का? दोघांच्या मधे काटेरी तारा, सुरुंग, दोन्हीकडची सैन्यं. एक पत्र पाठवायची सोय नाही. लेखिका पार्क जी-उन यांच्यापुढे खांदे उडवायला पूर्ण सवड होती. त्यांनी तसं केलं नाही. शेवटी त्यांनी दोघांना स्वित्झर्लंडमध्ये भेटवलं, वर्षातले दोन आठवडे का होईना, पण आपले. बायकोनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "एवढं तरी मिळालं हो." पुढे २०२२ साली ते दोन्ही कलाकार, ह्युन बिन आणि सोन ये-जिन, खरोखर लग्न करते झाले. त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला.

या विश्वासानं आम्ही ही नवी मालिका सुरू केली. तिचं नाव मी घेणार नाही. ज्यांनी पाहिली ते ओळखतील, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती शोधायचा मोह व्हायला नको.

पहिले आठ भाग नंबरी होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. ती पुस्तकं दुरुस्त करणारी, तो मोठ्या कचेरीतला कमी बोलणारा. कोरियन माणसं बोलताना समोरच्याचं वय आणि मान बघून क्रियापदाचा शेवट बदलतात. आपल्या 'तू-तुम्ही-आपण'सारखंच, पण त्याहून काटेकोर. सातव्या भागापर्यंत ही दोघं एकमेकांशी आदरार्थीच बोलतात. सातव्या भागात जिन्यावर तिचा पाय घसरतो, तो पुढे होतो, आणि तिच्या तोंडून पहिल्यांदा एकेरी शब्द निघतो. दोघंही थबकतात. खाली लिहून येणाऱ्या इंग्रजी ओळींत यातलं काही उतरत नाही. तिथे आधीही 'यू' आणि नंतरही 'यू'च. पण कानाला कळतं. लग्नानंतर बायको मला चारचौघांत 'अहो' म्हणते आणि एकदाच, माझा अपघात झाला तेव्हा, दवाखान्याच्या दारात तिच्या तोंडून 'अरे' निघालं होतं. ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणून मला त्या जिन्याची किंमत कळली.

आता तिच्या मित्राबद्दल सांगतो, कारण खरा अन्याय त्याच्यावर झाला आहे. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, शाळेपासूनचा. ती त्याला 'ओप्पा' म्हणते. बाई आपल्या थोरल्या भावाला म्हणते तो हा शब्द. मी म्हटलं, दादा म्हणते म्हणजे विषय मिटला. तर लेक म्हणाली, तसं नसतं, प्रियकरालाही ओप्पाच म्हणतात. २०२१ साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशात एकदम २६ कोरियन शब्द घेतले, त्यात तो आहे. म्हणजे या माणसाला दहा वर्षं एकच हाक ऐकू येतेय आणि ती भावाची आहे की दुसरी कुठली, हे त्याला ठरवता येत नाहीये. तो विचारतही नाही.

पाचव्या भागात तिला ताप येतो. हा आपल्या आईच्या खानावळीत रात्री उभा राहून भाताची पेज करतो. तिकडे जुक म्हणतात. आपण आजाऱ्याला देतो तशीच, मऊ, वर तिळाच्या तेलाचे दोन थेंब. स्टीलच्या डब्यात भरतो. डबा निळ्या फडक्यात ठेवून वर गाठ बांधतो. गाठ एकदा सोडून पुन्हा बांधतो, कारण पहिली वाकडी आली होती. तिच्या दाराशी ठेवतो, घंटी वाजवतो आणि झरझर खाली उतरतो. पण निघून जात नाही. खालच्या वळणावर भिंतीला टेकून उभा राहतो. वर दार उघडल्याचा आवाज येतो, डबा उचलल्याचा येतो, दार लागल्याचा येतो. तेव्हा कुठे हा पायरी उतरतो. दुसऱ्या दिवशी ती नायकाला म्हणते, "कालच्या पेजेबद्दल आभार." नायकाला काही कळत नाही, तो नुसता हसतो. हा शेजारीच बसलेला असतो. पाण्याचा पेला उचलतो, एक घोट घेतो, खाली ठेवतो.

अशा माणसाचं पुढे काय होतं, हे विचारायचा मला हक्क आहे की नाही?

नायकानं तिला मनातलं सांगितलं तो आठवा भाग आम्ही ज्या रात्री पाहिला, त्या रात्री आमच्याकडे पाण्याची पाळी होती. तुम्ही इथलेच, तुम्हाला काय सांगायचं. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर, आणि नळ काही दिवसांआड, तोही सांगेल त्या वेळेला नव्हे. रात्री साडेबाराला पाणी आलं. मोटर लावली, ड्रम भरले, टाकीचा पाइप लावून मी पडद्यासमोर येऊन बसलो. त्यानं बोलायला सुरुवात केली. कमी बोलणारा माणूस, त्यामुळे एकेक वाक्य दम खाऊन. पाऊस पडत होता. पडद्यावरच्या पावसाचा आवाज आणि गच्चीवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज एकच झाला, आणि टाकी वाहून चाललीय हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही. दहा मिनिटं वाहिली. या शहरात दहा मिनिटं टाकी वाहू देणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सकाळी समोरच्या वहिनींनी विचारलंच. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण मनात म्हटलं, गेलं ते एका चांगल्या प्रसंगावर गेलं.

आणि दहाव्या भागात त्याला ट्रकनं उडवलं. पांढरा ट्रक, सुनसान रस्ता, चालक दिसत नाही. अकराव्या भागात तो शुद्धीवर आला तेव्हा त्याला सगळं आठवत होतं. नोकरी, आई, घराचा पासवर्ड, सगळं. फक्त ती आठवत नव्हती. म्हणजे तो पाऊस त्याला आठवत नाही. ज्या वाक्यांसाठी आमची टाकी वाहिली ती वाक्यं आता जगात फक्त तिला, मला आणि माझ्या बायकोला ठाऊक आहेत.

स्मृतिभ्रंशाला माझा सरसकट विरोध नाही. २००२ सालच्या 'विंटर सोनाटा'त तोच आहे. पण तिथे तो सुरुवातीलाच येतो. गोष्ट उभीच त्याच्यावर आहे. हरवलेला मुलगा दुसऱ्या नावानं परत येतो, आणि आठवण नसलेलं प्रेम आपलं मानायचं का, हा प्रश्न तिथे वीस भाग सोसला जातो. त्या मालिकेपायी नामी बेटावरच्या झाडांच्या रांगा बघायला परदेशातून माणसं जायला लागली. आमच्या मालिकेत तो दहाव्या भागात आला, कारण लेखकाजवळचं सांगायचं संपलं होतं आणि सहा भाग शिल्लक होते. आठवण परत आली तीही चौदाव्या भागात, डोक्याला कपाटाचं दार लागून.

मधल्या भागांत काय झालं? सगळे खात होते. २०१० पासून तिकडे कायद्यानं मालिकेत वस्तू दाखवून जाहिरात करायला परवानगी आहे. मालिका काढायला पैसा लागतो, हे मला समजतं. पण नायकाची आई अतिदक्षता विभागात आहे, बाहेर बाकावर ही मुलगी रडतेय, आणि तिची मैत्रीण पिशवीतून लाल जिनसेंगच्या अर्काची पुडी काढते, फाडते, कॅमेऱ्याकडे नाव येईल अशी धरते आणि म्हणते, "घे, तरतरी येईल." त्या बाकावर बसलेल्या माणसाचा मान तरी राखायचा. मी माझ्या वडिलांच्या वेळी अशाच बाकावर तीन रात्री काढल्या आहेत.

आमच्या गल्लीतला एक मुलगा शेंद्र्याला कामाला जातो. तिथे ऑरिकमध्ये ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्सचा कारखाना २०१९ पासून चालू आहे. त्यानं मला समजावलं, की तो धागा मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी सोडल्यावर जागेवर येतो; पायमोज्याच्या इलॅस्टिकपासून पोहण्याच्या कपड्यांपर्यंत सगळीकडे तो असतो. मी त्याला म्हटलं, बाबा, तुझ्या धाग्याला ती शक्ती आहे, गोष्टीला नाही. गोष्ट ताणली की ढिली पडते आणि मग तिच्यात माणसं लोंबकळत राहतात. त्याला ते पटलं. चौदाव्या भागानंतर त्यानंही बघणं सोडलं होतं.

कोणी म्हणेल, घाईत लिहिलं असेल. पूर्वी तसं होत असे. भाग दाखवायच्या दिवशीच संवादाची पानं कलाकारांच्या हातात पडायची, रात्रभर चित्रण चालायचं. त्या काळातला एखादा शेवट फसला तर मी सोडून दिला असता. पण २०१६ सालची 'डिसेंडंट्स ऑफ द सन' पहिला भाग दाखवण्याआधीच पूर्ण चित्रित झाली होती, आणि त्यानंतर हे सर्रास होऊ लागलं. ही मालिकाही आधीच पूर्ण तयार होती. म्हणजे शेवट लिहिला गेला, वाचला गेला, चित्रित झाला, पाहिला गेला, आणि एवढ्या टेबलांवरून फिरून एकाही माणसानं त्यावर शेरा मारला नाही. २००४ साली 'लव्हर्स इन पॅरिस'च्या अखेरीस सगळी गोष्टच नायिकेनं लिहिलेली संहिता निघाली, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी गदारोळ केला होता. निम्मा देश ती मालिका बघत होता. त्या लोकांना हसणारे तेव्हाही असतील. मी त्यांच्या बाजूनं आहे.

आता सोळावा भाग. पंधराव्यात दोघांचं भांडण झालं, कशावरून ते मला दोनदा बघूनही सांगता येणार नाही. सोळाव्याच्या पहिल्या पाच मिनिटांत पडद्यावर अक्षरं आली, 'एक वर्षानंतर'. ते एक वर्ष कुठे गेलं? कोणी कोणाला फोन केला? आईचं काय झालं? उत्तर नाही. आणि तो डबेवाला मित्र इंचॉनच्या विमानतळावर एक बॅग ओढत जाताना दिसला. मी मोजलं, अकरा सेकंद. मागून. त्याचा चेहरासुद्धा दाखवला नाही. अमेरिकेला गेला म्हणे. पेज कोणी आणली होती हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

बायकोला याचा जेवढा त्रास झाला तेवढा लग्न न लावल्याचाही झाला नाही. ती म्हणाली, "अहो, तो डबा तिच्याचकडे राहिला ना." मी परत पाचवा भाग लावून पाहिला. खरंच. डबा आत गेला, बाहेर आलाच नाही. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, साखरेची चिमूट का होईना घालतात. इथे भरलेला नाही, रिकामा नाही, डबाच परत गेला नाही. कोणी आपल्यासाठी रात्री उभं राहून काही शिजवलं होतं, एवढी साधी नोंदसुद्धा त्या घरात झाली नाही.

आणि शेवटचं दृश्य. सोलमधला रुंद रस्ता. या कडेला ती, त्या कडेला तो. दोघांची नजरानजर होते. पादचाऱ्यांचा दिवा लाल आहे. आम्ही तिघं पुढे सरकून बसलो. 'रिप्लाय १९८८'मध्येही असाच लाल दिवा आहे. जंग-ह्वान नावाचा पोरगा गाडीत बसलाय, प्रत्येक चौकात लाल दिवा लागतो, आणि तो पोचतो तेव्हा दुसरा आधी पोचलेला असतो. मग तो स्वतःशी कबूल करतो, की दोष दिव्याचा नव्हता, मीच कचरलो. तो पोरगा हरला, पण त्याचा निकाल त्याच्या हातात दिला गेला. त्याच्यासाठी मी आठवडाभर हळहळलो आणि लेखकाला हात जोडले. इथे दिवा हिरवा झाला. सगळ्या गाड्या थांबल्या. पांढरे पट्टे स्वच्छ, रस्ता मोकळा. तिनं एक पाऊल उचललं. आणि चित्र गोठलं. गाणं सुरू झालं, नावं वर सरकली. पाऊल पट्ट्यावर पडलं की नाही, हेही दाखवलं नाही.

सत्तर मिनिटांचा एक भाग धरला तर सोळा भागांचे अठरा तास चाळीस मिनिटं होतात. रस्ता ओलांडायला वीस सेकंद लागली असती.

लेक म्हणते, "आप्पा, त्याला ओपन एंडिंग म्हणतात. पुढचं प्रेक्षकानं समजून घ्यायचं." मी समजून घेतो. पण मी समजून घ्यायचं ते लिहिणाऱ्यानं आधी ठरवलेलं असायला हवं. अर्जावर निर्णय न लिहिता अर्जदाराला 'तुम्हीच समजून घ्या' असं मी चौतीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

काल संध्याकाळी बायको म्हणाली, "चला, पलीकडच्या ताईंचा डबा द्यायचा राहिलाय." दिवाळीत त्यांच्याकडून चिवडा आला होता. तिनं त्यात रव्याचे चार लाडू घातले. आकाशवाणी चौकात आलो. तुम्हाला जालना रोड ठाऊक आहे. सहा वाजता तिथे रिक्षा, दुचाक्या, सिटी बस, वाळूजहून सुटलेल्या कंपन्यांच्या गाड्या, सगळं एकदम येतं. कोणी थांबत नाही. ती एका हातात डबा घेऊन उभी, दुसऱ्या हातानं माझी बाही धरलेली, आणि सारखं "थांबा, थांबा" चाललेलं. मी हात वर केला. एक बसवाला कचकन थांबला, आम्ही निम्मा रस्ता पार केला, दुभाजकापाशी श्वास घेतला. मग उरलेला निम्मा. पलीकडे पोचल्यावर तिनं आधी डब्याचं झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि मग माझी बाही सोडली.